आगोटीच्या बाजाराला दोघं

आमच्या वाडीतली मुंबईकर मंडळी हल्ली कुठं कुठं जाऊन येतात. कुणी मनालीला, कुणी केरळला. एक जण तर दुबईला जाऊन उंटावर बसून आला. मग गणपतीत गावाला आले की चार दिवस आम्ही तेच ऐकायचं आणि मोबाईलवर तेच फोटो बघायचे. तर म्हटलं, आपणही एकदा लिहावं. मी महाडला जाऊन आलो.

हसू नका. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथून महाड म्हणजे आधी मिनिडोर रिक्षा, मग एसटी, सगळं धरून तास-दीड तास. वीसेक वर्षं मी महाडच्या एमआयडीसीत केमिकलच्या प्लँटवर ऑपरेटर आहे, म्हणजे रोज त्याच दिशेला जातो. पण कंपनीची बस शहराच्या अलीकडंच फाट्याला वळते. शहरात जायचं ते बँकेत, दवाखान्यात, नाहीतर कुणाच्या मयताचं सामान आणायला. गेलो की कधी एकदा परततो असं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आमचंच.

वाडीतून निघताना

कल्पना माझी नाही. मी आठवडाभर रात्रपाळी करून आलो होतो आणि गुरुवारच्या सुट्टीला दुपारपर्यंत झोपायचं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. बायको, सुनंदा, सकाळी उशाशी येऊन उभी राहिली. लुगडं नवं, केसात अबोली.

"उठा. महाडला जायचा हाय. आगोटीचा बाजार करायचा हाय."

पावसाळ्याच्या आधी चार महिन्यांची बेगमी करायची, ती आमच्याकडं आगोट. मीठ, मसाला, कांद्याच्या माळी आणि मुख्य म्हणजे सुकी मासळी. एकदा पाऊस लागला की ताजं म्हावरं डोंगरात कुठलं? मी म्हटलं, "पोलादपुरातच मिळतं की सगळं."

"बाजार तं हायच. पण मला फिरायचा पण हाय. बाळंतपणाला गेले महाडला, दाढ काढायला गेले. उगाच म्हणून कधी गेले नाय. निलेश आला की परत पोरासाठी रांधा, डबा करा. तवा आताच काय तो येळ."

निलेश आमचा मुलगा. पाच वर्षं झाली, मुंबईला एका गोडाऊनमध्ये कामाला आहे, नालासोपाऱ्याला चार पोरांत मिळून खोली. जूनपासून तो माझ्याच कंपनीत लागणार होता. साहेबांच्या मागं लागून लागून मीच जमवलं होतं. मुलगा परत घरी राहायला येणार म्हणून सुनंदा महिनाभर जमिनीवर नव्हती. तिला मी इतकी खूश लग्नातही पाहिली नव्हती.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. मला वास येत नाही. फुलाचा नाही, घामाचा नाही, जळक्याचा नाही. आधी सर्दी वाटली, मग वाफारे घेतले, मग एका डॉक्टरकडं एकटाच जाऊन आलो. तो म्हणाला, कामामुळं असेल, दुसऱ्या कशामुळं असेल, तपासण्या करू. मी परत गेलो नाही. आणि गंमत म्हणजे प्लँटवर माझं नाक प्रसिद्ध होतं. कुठल्या पाइपाचा जोड गळतोय ते मशीन बोंबलायच्या आधी मी बोट दाखवून सांगायचो. लोकांना अजून वाटतं ते नाक आहे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. कंपनीत कळलं तर मला प्लँटवरून काढतील, आणि माझा शब्दच गेला तर निलेशला कोण घेतो? घरात कळलं तर सुनंदा काय म्हणेल, हे तर मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आमचं आपलं, झाकली मूठ.

फाटा

एसटीत खिडकीशी बसलो आणि पोलादपूरचा पूल ओलांडायच्या आत डोळे मिटले. हायवेची सृष्टिशोभा बघणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाचं प्रवासवर्णन वाचावं. मला जाग आली तेव्हा मी उभा होतो. पिशवी खांद्याला, एक हात वरच्या दांडीला, गाडीच्या दाराकडं निम्मा गेलेलो. कंडक्टर म्हणत होता, "काका, महाडचं तिकीट हाय ना? मग बसा की!"

बाहेर पाहिलं तर एमआयडीसीचा फाटा. इतकी वर्षं रोज इथं बस वळते तेव्हा उठायचं, म्हणून शरीर माझ्याशिवाय उठलं होतं. जनरल पाळीची पोरं मोटरसायकलींवर वळत होती. गाडीतली माणसं हसली. सुनंदानं माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं.

"एक दिस तरी सोडा तिला," ती म्हणाली. ती म्हणजे कंपनी. "निलेशला पण अशीच सवय लागंल का वो?"

"लागेल," मी म्हटलं. ती कौतुकानं हसली आणि मला ते हसणं सोसलं नाही. मी परत डोळे मिटले, पण झोप गेली होती.

बाजारपेठ

महाडच्या स्टँडवर उतरलं की ऊन आधी डोक्यावर टपली मारतं. मे महिन्यात महाडची हवा हलत नाही. चारी बाजूंनी डोंगर, मधे हे गाव, कढईत ठेवल्यासारखं. आमच्या वाडीत निदान संध्याकाळी तरी वारा येतो.

सुनंदाला घाई नव्हती. हेच मला नवीन होतं. ती प्रत्येक दुकानापुढं थांबली. बांगड्या बघितल्या, घेतल्या नाहीत. स्टीलचे डबे हातात घेऊन वाजवून बघितले आणि परत ठेवले. छत्र्या दोरीला टांगल्या होत्या, प्लास्टिकच्या कागदाचे गट्ठे रस्त्यापर्यंत आले होते. मी मागं मागं, पाय ओढत. एका कापडवाल्यानं माझी दया येऊन स्टूल दिलं. म्हातारा बोलका होता. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मळकट रेघ होती, ती त्यानं दाखवली.

"इथवर पाणी होतं. सगळा माल गेला. रंग दिला, पण ही रेघ काय जात नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. जून आला की आम्ही सारखे नदीकडं बघतो. तुम्ही कुठले?"

"पोलादपूरच्या वरचे."

"मग तुम्ही डोंगराकडं बघत असाल."

मी म्हटलं, होय. आम्ही पावसात वर बघून झोपतो, महाडकर खाली बघून झोपतात, एवढाच फरक. त्यानं चहा मागवला. सुनंदानं त्याच्याकडून एक चादर घेतली, निळ्या चौकड्यांची. निलेशसाठी. तिनं चादर नाकाला लावली आणि म्हणाली, "कोऱ्या कापडाचा वास कसा बरा वाटतो, नाय?" मी म्हटलं, "झकास." असं झकास मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. ती म्हणते आंबा कसा घमघमतोय, मी म्हणतो झकास. ती म्हणते गटाराचा काय घाण वास, मी तोंड वाकडं करतो. खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते, आणि त्या दिवशी ती माझ्यात नव्हती. थोडं पुढं आम्ही दोघांनी आंब्याची कुल्फी खाल्ली. मला गार लागली आणि गोड लागली. आंबा काही लागला नाही.

सुकी मासळी

बाजाराच्या टोकाला सुक्या मासळीच्या बायका बसल्या होत्या. श्रीवर्धनच्या बाजूच्या कोळणी, पहाटे टेम्पोत माल घालून आलेल्या. सोडे, जवळा, वाकट्या, बोंबील, सगळं ढिगांनी. आमच्या घरात हा बाजार पुरुष करतो, ही माझ्या वडलांपासूनची रीत. बोंबील कडक दिसला तरी आतून दमट असू शकतो. मग श्रावणापर्यंत त्याला बुरशी धरते. तो मधे मोडायचा आणि नाकाशी न्यायचा. मिठाच्या वासाखाली आंबूस वास आला की सोडून द्यायचा. वडील असे निवडायचे, मीही असेच निवडत आलो. मागच्या वर्षी काय केलंत म्हणाल, तर पोलादपुरात ओळखीच्या बाईकडून डोळे मिटून घेतलं होतं. इथं ओळखीचं कुणी नव्हतं.

सुनंदा म्हणाली, "निवडा तुम्ही. निलेशला बोंबील लय आवडतात. जरा जास्तच घ्या."

मी उकिडवा बसलो. पुढच्या ढिगातले बोंबील बारके वाटले. मागं एका टोपलीत जाड, चांगले भरदार दिसले. हात लांब करून त्यातला एक उचलला, मोडला, नाकाशी नेला, वडलांसारखे डोळे मिटले आणि छातीभर श्वास घेतला.

"एक नंबर," मी म्हटलं. "हेच दे."

डोळे उघडले तर शेजारच्या गिऱ्हाईक बाईनं पदर नाकाला लावला होता. कोळीण माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"दादा, मस्करी करताय काय? ती टोपली कोंबडीच्या खाद्यावाल्याची हाय. भिजलेला माल तो, कुजलाय. वास कसा नाय आला तुमाला?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, म्हणतात ना. मी हसलो. "मस्करीच केली गो." आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. कोळीणही हसली आणि म्हणाली, "वयनी, दादांना घरी ठेवून येत जा."

सुनंदा हसली नाही. तिनं माझ्या हातातला मोडका बोंबील घेतला, टोपलीत परत टाकला आणि माझ्या शेजारी बसून स्वतः एकेक निवडायला लागली. मोडायची, नाकाशी न्यायची, पिशवीत टाकायची. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मी पिशवीचं तोंड उघडून धरून बसलो होतो, आणि मला कळत होतं की आता ती मागची सगळी वर्षं तपासते आहे.

खानावळ

जेवायला एका साध्या खानावळीत बसलो. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, वर कोकमाचं पाणी. बाहेरगावच्यांनी जरूर खावं, चांगलं असतं असं सगळे सांगतात. ताट आलं. भाकरीचा तुकडा मोडता मोडता सुनंदा म्हणाली,

"होळीच्या आधी भात करपला. सगळा टोप काळा झाला. तुम्ही तिथंच बसलेले."

"होय."

"झोप लागली म्हणालात."

"होय."

"लागली नव्हती."

"नाय."

शेजारच्या टेबलावर एमआयडीसीतलीच दोन पोरं जेवत होती, म्हणून तिनं आवाज खाली आणला. "अजिबात येत नाय वास?"

"नाय."

"कधीपासून?"

"गेल्या सालच्या शिमग्याच्याही आधीपासून."

"कंपनीत म्हाईत हाय?"

"नाय."

"मग तिथं काय सुटलं तं?"

मी खरं सांगितलं. दुसऱ्यांकडं बघतो, म्हटलं. त्यांनी तोंडाला रुमाल बांधला की मी बांधतो. ते पळाले की मी पळेन. हे बोलताना मला ते जेवढं वाईट वाटलं तेवढं इतके दिवस करताना वाटलं नव्हतं. सुनंदाचा घास हातातच राहिला.

"आणि निलेश कुठल्या जाग्यावर लागणार?"

"माझ्याच प्लँटवर."

अन्न टाकायचं नसतं म्हणून ती जेवली. शेवटचा घास पाण्याबरोबर गिळला, हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं रडेल, ओरडेल. वाडीत तिच्या आवाजाला लोक घाबरतात. इथं ती नुसती उभी होती, आणि ते मला जड गेलं.

"चल, दुपारची गाडी मिळेल," मी म्हटलं. "घरी जाऊ."

"का? फिरायला आलो ना? फिरू."

तळ्याच्या पायऱ्या

मग आम्ही फिरलो. भर उन्हात, हातात बोंबलांची पिशवी आणि निळी चादर घेऊन. असं फिरणं वैऱ्यावर येऊ नये. दुकानं दुपारची निम्मी बंद. कुत्री सावलीला पडलेली. ती पुढं, मी मागं, कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं की यांची गाडी चुकली. शेवटी चवदार तळ्याशी आलो आणि तिथं पायऱ्यांवर सावली बघून बसलो. मार्चमध्ये इथं पाय ठेवायला जागा नसते. गाड्याच गाड्या, देशभरातली माणसं. मे महिन्यात शांत असतं.

एक नवरा-बायको आमच्या शेजारी पायऱ्या उतरून पाण्याशी गेले. साठीचे असतील. नांदेडकडचे, हे नंतर कळलं. बाईनं ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, मग नवऱ्याच्या डोळ्यांना लावलं. वर येऊन तिनं सुनंदाच्या हातात मोबाईल दिला.

"ताई, आमचा एक फोटो काढता का? तळं आलं पाहिजे बरं का."

सुनंदाला फोटो काढता येत नाही. तिनं तो माझ्याकडं दिला, मी काढला. बाई जरा टेकली. म्हणाली, "आम्ही दर मार्चला येतो. औंदा यांचं ऑपरेशन झालं, राहून गेलं. मी म्हटलं, राहू द्यायचं नाही. डॉक्टरनं हो म्हटल्याबरोबर निघालो. तुम्ही इथल्याच का?"

"जवळच्या. पोलादपूरकडच्या."

"मग तुमचं बरं हाय. मनात आलं की येऊन बसायचं."

"कुठलं येतो?" सुनंदा म्हणाली. "आजच आले."

बाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मला वाटतं तिला आमच्यात काहीतरी बिनसलंय हे कळलं असावं, कारण तिनं पिशवीतून चिक्कीचे दोन तुकडे काढून एक सुनंदाला, एक मला दिला आणि "खा, उन्हाचं बरं असतं" म्हणून नवऱ्याला घेऊन निघून गेली. आम्ही चिक्की खात बसलो. शेंगदाण्याचा खमंगपणा दाताला कळतो, तेवढा मला कळला.

मी म्हटलं, "मी कंपनीत सांगतो. सोमवारी सांगतो."

"सांगा."

"काढतील कदाचित. नाहीतर कॅन्टीनला बसवतील."

"बसा. मी शेती बघीन. तुमचं मी बघीन वो, तुमच्यावर माझा राग नाय. म्हंजे हाय. लय राग हाय. माझ्यापासनं लपवलंत."

"तू किती खूश होतीस..."

"म्हणून पोराला तिथं घालत होता?"

मी थकलो होतो हे खरं, पण ते उत्तर नव्हतं. एखाद्या दिवशी सांगू, आधी पोरगं घरी येऊ दे, आधी ती चार दिवस सुखाचे बघू दे, असं मी दर पाळीला स्वतःला सांगत होतो आणि पाळ्या संपत होत्या.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. निलेशचा. सुनंदा फोन कानाला लावत नाही, नेहमी स्पीकरवर टाकून समोर धरते, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, रूमवर सांगून टाकलं मी. एक तारखेपासून सोडतोय. गोडाऊनच्या शेठला आज संध्याकाळी सांगतो. पंखा माझा हाय, तो घेऊन येऊ का?"

तिनं पाण्याकडं बघितलं.

"शेठला सांगू नको."

"का?"

"कंपनीत लागायचं नाय तुला. तिथं काम करून बाबांचा वास गेलाय. काय्येक वास येत नाय त्यांना. जेवणाचा नाय, जळक्याचा नाय. मला आज कळलं."

पलीकडं गोडाऊनमधल्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग निलेश म्हणाला, "बाबा हायत का तिथं?"

"हायत. बोल."

"बाबा, खरंय का?"

"खरंय."

"तुम्हाला म्हाईत होतं, मग मला का बोलवत होतात?"

मी म्हटलं, "आईला तू पायजे होतास रे." खरंही तेच होतं. पण ते बोलताच मला लाज वाटली, कारण दोष तिच्यावर ढकलल्यासारखं झालं.

सुनंदानं फोन स्वतःच्या तोंडाशी ओढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"पायजे होता काय, पायजेच हाय. पाच वर्षं रोज पायजे हाय. म्हणून सांगते, येऊ नको."

निलेश काहीतरी बोलायला लागला. तिनं ऐकलं नाही. "आंबे हायत तंवर आठ दिस सुट्टी काढून ये. पोटभर खा. मग परत जा," एवढं म्हणून तिनं फोन बंद केला. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता.